बाबा आयसीयूत आणि ओटीपी बाबांच्या फोनवर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून टाकतेय. बोलताना मी जे शंभर वेळा 'म्हणजे' म्हणते, तेवढे काढून टाकलेत. बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय तसा कंटाळवाणा वाटू शकतो. घरात अचानक काही झालं, म्हणजे कुणी आजारी पडलं, पैसे अडकले, गॅस लीक झाला, पूर आला, तर घर तयार आहे का? यावर यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत आणि बहुतेकांचा शेवट 'टर्म इन्शुरन्स घ्या, लिंक खाली आहे' इथे होतो. मी कुठलीच लिंक देणार नाहीये. मला एका वेगळ्याच प्रश्नावर बोलायचंय: तुमच्या घरातली तयारी नक्की कुणाच्या डोक्यात आहे?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक शब्द आहे. जरा अभद्र आहे, पण कामाचा आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? तो आकडा एक असेल, तर मॅनेजरची झोप उडते. कारण त्या एका माणसाने राजीनामा दिला, किंवा त्याला नुसता डेंग्यू झाला, तरी सर्व्हरचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही सगळं लिहून ठेवतो. रात्री तीन वाजता अलार्म वाजला आणि ड्युटीवर नवखा माणूस असला, तरी तो कागद वाचून त्याला सिस्टिम उभी करता आली पाहिजे.

आता आपापल्या घराकडे बघा. लाइट बिल कुठल्या अ‍ॅपवरून भरतात? मेडिक्लेम कुठल्या कंपनीचा आहे आणि त्याचा नंबर कुठे आहे? एफडीच्या पावत्या कुठल्या डब्यात आहेत? बहुतेक घरांत या सगळ्याचं उत्तर 'बाबांना विचार' असं असतं. म्हणजे बस फॅक्टर एक.

हे मला एकदम का सुचलं, तर माझ्या काकांमुळे. आमचं घर सांगलीचं. काका-काकू आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. काका म्हणजे शिस्तीचा माणूस. प्रत्येक पावती फाइलमध्ये, मेडिक्लेमचा हप्ता तारखेच्या आठ दिवस आधी, एफडीची मुदत कधी संपते ते कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेलं. तयारीच्या बाबतीत आमच्या खानदानात त्यांचा पहिला नंबर. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला जेवून उठताना त्यांचा उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं बंद झालं. पॅरालिसिसचा झटका.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती ऐकून एखाद्याचा हात-पाय वाचू शकतो. पॅरालिसिसचा झटका दोन प्रकारचा असतो. मेंदूची नस गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. ते देण्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण नस फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीवघेणं ठरतं. त्यामुळे घराजवळचं हॉस्पिटल कुठलं, यापेक्षा रात्री सीटी स्कॅन चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं, हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं. काकूंनी शेजाऱ्यांच्या गाडीतून काकांना सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे स्कॅनची सोय नव्हती. तिथून दुसरीकडे. यात पाऊण तास गेला. नशिबाने वेळेच्या आत पोचले, इंजेक्शन मिळालं. काका आज काठी घेऊन चालतात, बोलतात. शब्द शोधायला वेळ लागतो एवढंच.

पण त्या रात्री काउंटरवर जे झालं ते ऐका. हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं. मेडिक्लेम होता, चांगला होता. पॉलिसीची पीडीएफ काकांच्या ईमेलमध्ये होती. ईमेल काकांच्या फोनमध्ये. फोनला सहा आकडी पिन. पिन माहीत असलेला माणूस स्ट्रेचरवर डोळे उघडे ठेवून पडलेला, पण त्याला एक आकडाही उच्चारता येत नव्हता. अंगठ्याने फोन उघडेल म्हणून कुणीतरी काकांचा अंगठा लावून बघितला, तर फोन मगाशी पडून बंद झाला होता. चालू केल्यावर पहिल्यांदा पिनच मागतो ना तो! फाइल घरी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली कुठे, हे फक्त काकांना ठाऊक. काकू नुसत्या म्हणत होत्या, "सगळं केलंय गं त्यांनी, सगळं व्यवस्थित केलंय. कुठं हाय तेवढं मला सांगितलं नाही."

शेवटी शेजाऱ्यांनी आणि आमच्या बाबांनी मिळून डिपॉझिट भरलं.

खरी मजा, म्हणजे मजा कसली, पुढे सुरू झाली. काका तीन आठवडे हॉस्पिटल आणि मग घरी. औषधं, फिजिओथेरपी, अटेंडंट. पैसे पाहिजेत. पैसे आहेत, काकांच्या खात्यात. काकू त्या खात्याला नॉमिनी आहेत. बँकेत गेल्या, तर साहेब अगदी नम्रपणे म्हणाले की मॅडम, नॉमिनीला आत्ता काही करता येत नाही.

मंडळी, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यांचा इथेच गोंधळ होतो. नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. माणूस जिवंत असेपर्यंत, मग तो आयसीयूत असो की कोमात, नॉमिनीला त्या खात्यात बोटसुद्धा घालता येत नाही. आणि गेल्यानंतरही नॉमिनी हा मालक नसतो. तो पैसे ताब्यात घेतो आणि कायदेशीर वारसांपर्यंत पोचवतो. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेअर्सच्या बाबतीतसुद्धा हेच सांगितलं. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, चांगलंच आहे. पण चार लावा नाहीतर चाळीस, जिवंत माणसाच्या आजारपणात ते चारही जण बाहेर बाकावर बसणार.

'मग पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवू', असं तुमच्यातले हुशार लोक म्हणतील. तिथेही गोम आहे. आपल्याकडच्या कायद्याने, अधिकार देणाऱ्या माणसाचं भान हरपलं की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे छत्री आहे, पण पाऊस आला की मिटते. माणूस दीर्घकाळ कोमात गेला तर घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवायला हायकोर्टात जावं लागतं. मुंबई हायकोर्टाने तसे आदेश दिलेले आहेत, पण कोर्टात जाण्याची ताकद त्या दिवसांत कुणाच्या अंगात असते?

आपल्याकडे मेल्यानंतरची तयारी सगळे करतात. विमा, नॉमिनी, फार तर मृत्युपत्र. मधल्या अवस्थेची तयारी कुणीच करत नाही. माणूस आहे, पण सही करू शकत नाही, बोलू शकत नाही, ओटीपी वाचू शकत नाही. आणि आपल्या आई-वडिलांच्या वयाला ही मधली अवस्था येण्याची शक्यता काही कमी नसते.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे जॉइंट खातं. तेही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा व्यवहार करू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला काही करता येत नाही. पासबुकावर हे छापलेलं असतं, आज रात्री बघा. एफडीची अजून एक गंमत: नावं दोघांची असली, तरी मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागू शकतात. म्हणून सगळे पैसे एफडीत घालून निर्धास्त राहू नका. दोन-तीन महिन्यांचा खर्च अशा खात्यात ठेवा, जिथून घरातला दुसरा माणूस एकटा, कुणाची परवानगी न घेता काढू शकेल.

काकूंचं काम शेवटी झालं, ते रिझर्व्ह बँकेच्या एका जुन्या सूचनेमुळे. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठा चालतो. हाताचा नाही जमला तर पायाचासुद्धा. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पहिल्या खेपेला काउंटरवर हे कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर बाईंनी सांगितलं, ज्यांच्या स्वतःच्या घरात हे घडून गेलं होतं. ही गोष्ट आपल्याला अशी बाकावर बसलेल्या माणसाकडून कळावी, याचा मला अजून राग येतो.

बरं. यानंतरच्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा ठरवलं की ड्रिल करायचं. आमच्याकडे एक नियम आहे: जो बॅकअप कधी परत चालवून बघितला नाही, तो बॅकअपच नाही. फाइल आहे म्हणून समाधान मानायचं नाही, ती उघडते का ते बघायचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी बाबांचा फोन काढून घेतला, त्यांना गच्चीवर खुर्ची टाकून दिली आणि आईला म्हणाले, "बाबा आयसीयूत आहेत. मी विमानात आहे. संध्याकाळपर्यंत कुणाचाच फोन लागणार नाही. हॉस्पिटलवाले ५० हजार आणि पॉलिसीचा नंबर मागतायत. कर सुरू."

आई म्हणाली, "सणासुदीला काय अभद्र बोलतेस!" आजीने तर देवासमोर दिवा लावला. पण आई बसली कामाला.

पॉलिसी सापडायला तिला एक तास दहा मिनिटं लागली. सापडली ती मागच्या वर्षीची. एटीएमचा पिन तिला माहीत होता, पण कार्ड बदलून आलेलं होतं. पासबुक चाळताना मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापलेले दिसले. "हे कशाचे?" ते प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचे, अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख. बाबांनी कधीतरी बँकेत फॉर्म भरला होता, आईला पत्ता नव्हता. अशाच ४३६ रुपयांच्या कपातीचा अर्थ जीवनज्योती विमा, तोही दोन लाखांचा आणि कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी लागू. हे सांगतेय कारण पैसे कापले जातात, माणूस जातो आणि घरच्यांना क्लेम करायचा असतो हेच माहीत नसतं. तुमच्या गावाकडच्या पासबुकांत हे दोन आकडे शोधा.

जेवणानंतर उलटं ड्रिल केलं. आता आई आयसीयूत. बाबा रुबाबात म्हणाले, "मला सगळं माहितीये." मी विचारलं, आई कुठल्या गोळ्या घेते? "थायरॉइडची." किती पॉवरची? गप्प. कुठल्या औषधाची तिला रिअ‍ॅक्शन येते? गप्प. गॅसचं पुस्तक कुठे आहे? आजीचा इन्सुलिनचा डोस किती? दूधवाल्याचे किती द्यायचेत? भिशीचे पैसे कुणाकडे आहेत? रात्री दोनला गाडी काढून येईल असा शेजारी कोण? माणसाने तीस वर्षं घर चालवलं असं त्याला वाटत होतं, आणि तो आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा उभा होता. त्या दुपारी आई जरा खुशीत होती, खोटं कशाला बोलू.

म्हणजे आमच्या घरात एक बस फॅक्टर नव्हता, दोन होते आणि दोघांचे विषय वेगळे. पैशांचं बाबांकडे, माणसांचं आणि औषधांचं आईकडे. तुमच्या घरी कदाचित तिसरंही कुणी असेल, म्हणजे तुम्ही. आपल्या पिढीने आई-वडिलांची नेटबँकिंग सुरू करून दिली आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, 'त्यांना जमत नाही' म्हणून. आता तुम्ही बंगळुरूत झोपलेले असताना ओटीपी तुमच्या उशाशी येतो.

ड्रिलनंतर एक कागद तयार झाला. मी छान स्प्रेडशीट बनवणार होते, पण आई म्हणाली, "तुझं ते लॅपटॉपवर राहील." मग तिने स्वतःच्या अक्षरात ए-फोर कागदावर लिहिलं आणि किचनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. वरती नंबर: ११२ सगळ्यासाठी, १०८ अ‍ॅम्ब्युलन्स, १९०६ गॅस गळतीसाठी, १९३० ऑनलाइन फसवणुकीसाठी. खाली रात्री स्कॅन चालू असणाऱ्या दोन हॉस्पिटलांची नावं, पॉलिसी नंबर, प्रत्येकाचा रक्तगट, गोळ्या, अ‍ॅलर्जी आणि तीन शेजारी. पिन आणि पासवर्ड त्यावर अजिबात नाहीत. ते बंद पाकिटात, कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठे हे आता तिघांना माहीत आहे. बाबांच्या फोनमध्ये आईच्या बोटाचा ठसा घातला आणि पिनही तिला पाठ करायला लावला. दोघांच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरली, म्हणजे रस्त्यात काही झालं तर अनोळखी माणसालाही फोन न उघडता रक्तगट आणि आपला नंबर दिसतो. हे काम पाच मिनिटांचं आहे, हा एपिसोड थांबवून केलंत तरी चालेल.

आजीसाठी एक चांगली गोष्ट सापडली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. कार्ड आधारवरून निघतं. पण कार्ड काढून कपाटात ठेवणं म्हणजे अर्धंच काम. आपल्या गावातलं कुठलं हॉस्पिटल त्या यादीत आहे ते आधीच बघून ठेवायचं, ते त्या रात्री शोधायचं नाही.

मेडिक्लेमबद्दल दोनच गोष्टी. पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का ते वाचा. समजा मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही १०,००० ची रूम घेतली, तर फक्त भाड्यातला फरक कापला जातो असं नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग असे रूमला जोडलेले बरेच खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जाऊ शकतात. 'होऊ दे खर्च, बाबांना एसी रूम द्या' हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य लाखभर रुपयांना पडतं. दुसरं, कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. काउंटरवर शांतपणे याची आठवण करून द्या. भांडू नका, तिथली पोरं आपल्याच वयाची असतात आणि बारा-बारा तास उभी असतात.

नोकरी करणाऱ्यांनी पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरलंय का ते बघा. पीएफबरोबर सात लाखांपर्यंतचा विमाही येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. लग्न झालं की नॉमिनेशन नव्याने करावं लागतं, बरं का. हनिमूनहून आल्यावर करायचं पहिलं रोमँटिक काम.

आता सुरक्षेचं. सांगलीकरांना यावर वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या भागात लाइट नाही, टॉवर बंद. यूपीआय म्हणजे शोभेची वस्तू. किराणावाला फक्त रोख घेत होता आणि पाचशेची मोड कुणाकडे नव्हती. तेव्हापासून आई तांदळाच्या डब्यात नाही (चोराला पण तेच आधी सुचतं), दुसऱ्या एका ठिकाणी पन्नास-शंभरच्या नोटांत चार-पाच हजार ठेवते. कागदपत्रांची पिशवी प्लास्टिकची, आणि ती माळ्यावर. त्या पुरात लोकांच्या लोखंडी कपाटातल्या खालच्या कप्प्यातल्या फायलींचा लगदा झाला होता. डिजिलॉकरमधून काढलेलं लायसन्स किंवा मार्कशीट कायद्याने मूळ प्रतीइतकीच चालते, तेव्हा ते काम करून ठेवा. आपण स्वतः फोटो काढून अपलोड केलेल्या प्रतीला मात्र ती किंमत नाही.

गॅसचा वास आला तर काय करायचं, हे ड्रिलमध्ये आजीलाच सगळ्यात नीट माहीत होतं. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बटणाला हात लावायचा नाही, लाइट लावायचा नाही आणि चालू असलेला बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. फोनसुद्धा बाहेर जाऊन करायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो बाहेर हलवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. यावर घरात वाद झाला तरी चालेल, घाला.

फसवणुकीच्या फोनसाठी आम्ही घरातला एक शब्द ठरवलाय. 'आई, मी पोलीस स्टेशनला आहे, पैसे पाठव' असा माझ्या आवाजात फोन आला, तर आई तो शब्द विचारणार. शब्द सांगत नाही, पण आजीने सुचवलाय आणि तो ऐकून कुणीही स्कॅमर हसेल. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, हे आजी आता बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगत फिरते. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही. लगेच १९३० ला फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.

ड्रिल आता दर दिवाळीला होतं. या वर्षी आईने पॉलिसी चार मिनिटांत काढली. बाबांना थायरॉइडच्या गोळीची पॉवर पाठ आहे, पण भिशीचं अजून चुकतं.

तुमच्या घरी करून बघितलंत, तर काय सापडलं आणि काय सापडलं नाही ते मला व्हॉइस नोट पाठवून कळवा. मजेशीर असतील ते नाव न घेता पुढच्या वेळी वाजवेन. पुढचा एपिसोड मृत्युपत्रावर. दोन साक्षीदार लागतात, स्टँप पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण आई-वडिलांकडे विषय काढायचा कसा, तेच अवघड आहे. त्यावर बोलू. चला, बाय.